आमवाताच्या नावाने मंजूर होणारे प्रयोग: प्राणी नैतिकता समित्यांना खुले पत्र

प्रति,
संस्थात्मक प्राणी नैतिकता समित्यांचे सर्व सदस्य,
तसेच औषधनिर्माणशास्त्र आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधन मार्गदर्शक,
महाराष्ट्र व गोवा

स.न.वि.वि.

आमवाताचे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताचे (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे), निदान झाल्यापासून मी दर आठवड्याला मेथोट्रेक्सेट हे आजाराची चाल रोखणारे औषध घेते. नुसत्या गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी टीएनएफ हा दाह पेटवणारा रेणू रोखणारे इंजेक्शन सुरू केले आणि सकाळी कपाचा कान बोटांत धरता येऊ लागला. पुढे एका महाविद्यालयाच्या प्राणी नैतिकता समितीवर मला बोलावणे आले. नियमाप्रमाणे अशा समितीत शास्त्रज्ञ नसलेली, सामाजिक जाण असलेली एक व्यक्ती लागते. ती जागा माझी. तिथे प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी मागणारे ‘फॉर्म बी’ अर्ज येतात, आणि त्यांवर ‘अँटी-आर्थ्रायटिक ॲक्टिव्हिटी’, म्हणजे संधिवातविरोधी गुण, हे शब्द सारखे दिसतात. माझ्या आजारावर एवढे काम चालले आहे म्हटल्यावर बरे वाटायला हवे. वाटत नाही, आणि त्याची कारणे तुमच्यासमोर मांडायला हवीत असे मला वाटते.

प्राण्यांवरचे सगळे प्रयोग बंद करा, असे माझे म्हणणे नाही. जे इंजेक्शन मी घेते ते उंदरांच्या वाटेनेच माझ्यापर्यंत आले. पण ते कसे आले, कोणत्या क्रमाने आले, हे बघितले की आपल्या बैठकीत काय चुकते आहे ते लगेच लक्षात येते.

गोष्ट लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमधली आहे. मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रवींदर मैनी यांच्या गटाने शस्त्रक्रियेत काढलेले आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यांचे अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, प्रयोगशाळेत आणले. निरोगी सांध्यात हे अस्तर जेमतेम एक ते तीन पेशींच्या थराचे असते आणि सांध्याला वंगण पुरवते. आमवातात ते फुगते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी येऊन ठाण मांडतात, आणि शेवटी ते कूर्चेवर आणि हाडावर चढून ती पोखरायला लागते. या गटाने त्या अस्तराच्या पेशी सुट्या करून बशीत वाढवल्या. बाहेरून काहीही न डिवचता त्या दाहकारक रेणू तयार करत राहिल्या. मग त्यांनी बशीत टीएनएफला अडवणारे प्रतिपिंड (एखाद्या रेणूला नेमके चिकटणारे प्रथिन, अँटिबॉडी) घातले. टीएनएफ तर अडलाच, पण आयएल-१ नावाच्या दुसऱ्या दाहकारकाचे उत्पादनही खाली आले. हे काम १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. टीएनएफ हा या साखळीच्या वरच्या टोकाला आहे, तो अडवला तर खालचेही बरेच काही अडेल, हा अंदाज माणसाच्या सांध्यातून निघालेल्या पेशींनी दिला.

त्यानंतर उंदीर आले. १९९१ मध्ये अथेन्समधल्या एका गटाने मानवी टीएनएफचे जनुक घातलेले उंदीर तयार केले, आणि त्यांना आपोआप संधिवात झाला. १९९२ मध्ये फेल्डमन-मैनी गटाने कोलाजेन हे कूर्चेतले प्रथिन टोचून संधिवात झालेल्या उंदरांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिले. इथे एक बारकावा आहे, तो कृपया ध्यानात ठेवा: औषध सांधे सुजल्यानंतर दिले, आधी नाही. सूजही कमी झाली आणि सांध्याची झीजही. त्याच वर्षी चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये रुग्णांवर पहिली चाचणी सुरू झाली, २० जणांची. १९९४ मध्ये ७३ रुग्णांची, बनावट औषधाशी तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध झाली आणि हा उपचार चालतो का, हा वाद मिटला. आधी माणसाच्या ऊती, मग उंदीर, मग पुन्हा माणूस. प्रश्न ऊतींनी विचारला होता. उंदरांना एक नेमके काम दिले होते आणि ते काम झाल्यावर संशोधन तिथे रेंगाळले नाही.

आता आपल्या टेबलावरचा अर्ज घ्या. एखाद्या वनस्पतीच्या पानांचा किंवा सालीचा अल्कोहोलमधला अर्क. ३० विस्टार रॅट (प्रयोगशाळेतल्या रॅटची एक जात), दीडशे ते दोनशे ग्रॅमचे, बहुधा नर. सहा-सहांचे पाच गट: निरोगी, आजारी, डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथासिन दिलेला, अर्काची कमी मात्रा, अर्काची जास्त मात्रा. मागच्या पायाच्या तळव्यात ०.१ मिली फ्रॉइंड्स कम्प्लीट ॲडज्युवंट, म्हणजे तेलात कालवलेले क्षयाचे मेलेले जंतू. २१ किंवा २८ दिवस प्लेथिस्मोमीटरमध्ये पाय बुडवून सूज मोजायची. शेवटी रॅट मारून सांध्याचे काप. अर्क सुरू कधी? ज्या दिवशी इंजेक्शन टोचले त्याच दिवशी, कधी त्याच्याही आधी. निष्कर्ष: अर्कात लक्षणीय संधिवातविरोधी गुण आढळले, पुढील संशोधनाची गरज आहे. मी समितीवर आल्यापासून ते पुढील संशोधन घेऊन परत आलेला एकही विद्यार्थी पाहिलेला नाही. पुढच्या वर्षी दुसरी वनस्पती येते.

यातल्या प्रत्येक ओळीबद्दल मला विचारायचे आहे. मला आमवात होणार हे आधी कळले असते आणि त्याच सकाळी औषध मिळाले असते, तर गोष्ट वेगळी. कोणत्याच रुग्णाच्या बाबतीत तसे होत नाही. आम्ही येतो तेव्हा सांधे सुजलेले असतात, बऱ्याचदा महिनोन्‌महिने. पहिल्या दिवसापासून दिलेला अर्क फार तर एवढेच सांगतो की ॲडज्युवंटला मिळणारी प्रतिकारशक्तीची पहिली प्रतिक्रिया थोडी दबली. झालेला आजार बरा होतो का, या प्रश्नाला तो हातच लावत नाही.

दुसरे, ज्या पायात तेलात कालवलेले क्षयाचे मेलेले जंतू टोचले, तो पाय पहिल्या काही दिवसांत सुजतो तो त्या तेलामुळे आणि जंतूंमुळे. प्रतिकारशक्तीतून येणारा खरा संधिवात साधारण दहा ते चौदा दिवसांनी, न टोचलेल्या पायातही दिसतो. म्हणून मोजायचाच तर तो दुसरा पाय मोजायला हवा. कार्ल पिअरसन यांनी १९५६ मध्ये या मॉडेलचे सविस्तर वर्णन केले तेव्हाच त्यात हाडाच्या आवरणाचा दाह आणि नवे हाड तयार होणे नोंदवले होते. माझ्या एक्स-रेमध्ये उलट दिसते: हाड खाल्लेले. शिवाय रॅटचा हा आजार काही आठवड्यांत आपणहून ओसरू लागतो. माझा ओसरला नाही.

तिसरे, तुलनेसाठी डायक्लोफिनॅक का? ती वेदनाशामक आहे. आमवाताच्या कोणत्याही डॉक्टरला विचारा, ती सूज आणि दुखणे तात्पुरते कमी करते, आजाराची चाल बदलत नाही. चाल बदलायचा दावा असेल तर समोर मेथोट्रेक्सेट ठेवा. आणि नर का? आमवाताच्या दर चार रुग्णांत साधारण तीन बायका असतात. अर्जात याचे कारण विचारले की उत्तर येते, मादीच्या ऋतुचक्रामुळे आकडे विस्कटतात. आमच्या आयुष्यातही ते विस्कटतात. गरोदरपणात अनेकींचा आमवात शांत होतो आणि बाळंतपणानंतर उसळतो. मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच यांनी अशाच रुग्णांचे निरीक्षण करता करता शरीरातच दाह शमवणारे काहीतरी असावे असा माग काढला. तो १९४८ मध्ये कॉर्टिझोनच्या पहिल्या डोसापर्यंत आणि १९५० मध्ये नोबेलपर्यंत गेला. जी गोष्ट गैरसोयीची म्हणून आपण अर्जातून काढून टाकतो, तिच्यातच एकदा औषध सापडले होते.

कॅराजिननच्या प्रयोगाचेही तसेच. समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ पायात टोचला की काही तासांत सूज येते. १९६२ मध्ये ही पद्धत इंडोमेथासिनसारख्या दाहशामकांच्या शोधासाठी पुढे आली आणि त्या कामाला ती चोख आहे. पण चार तासांच्या सुजेला संधिवात म्हणणारे शीर्षक समितीने मान्य करू नये. शीर्षक दुरुस्त करून आणा, एवढे तरी आपण म्हणू शकतो.

प्राण्यांतून मिळालेले उत्तर माणसात उलटे पडते तेव्हा काय होते, याचे उदाहरण माझ्याच आजाराच्या इतिहासात आहे. १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारातल्या चाचणी केंद्रात टीजीएन१४१२ नावाचे प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांना दिले गेले. ते रक्ताच्या एका कर्करोगासाठी आणि आमवातासाठी विकसित केले जात होते. प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेपट कमी मात्रा होती. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात गेले, एकेक अवयव निकामी होऊ लागला. सगळे वाचले, पण एकाला हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले. माकडांत असे काहीच का दिसले नव्हते, ते नंतर उलगडले: हे औषध सीडी२८ नावाच्या रेणूला चिकटते, आणि त्या माकडांच्या प्रतिकारशक्तीच्या स्मृतिपेशींच्या एका गटावर तो रेणूच नसतो. माणसाच्या त्याच पेशींवर असतो. आयएल-१७ या आणखी एका दाहकारक रेणूचे उदाहरण इतके भीषण नाही, पण शिकवते तेच. कोलाजेनने संधिवात केलेल्या उंदरांत ते अडवले की सूज झपाट्याने उतरते. माणसाच्या आमवातात ती औषधे फिकी पडली. सोरायसिसबरोबर येणाऱ्या संधिवातात आणि अँकायलोजिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवातात मात्र ती चांगली चालतात. पी३८ नावाचे एन्झाइम अडवणाऱ्या गोळ्यांचेही तसेच झाले. प्राण्यांत उत्तम ठरल्या, आमवाताच्या रुग्णांत टिकल्या नाहीत.

आता दुखण्याबद्दल, कारण या टेबलावर बसलेल्यांत ते मला आतून माहीत आहे. सुजलेल्या सांध्यावर पांघरुणाचे वजनही सहन होत नाही. रॅट कण्हत नाही. ती शिकार होणाऱ्या प्राण्याची जात आहे, दुखणे लपवणे तिच्या अंगात आहे. म्हणून ‘प्राण्यांमध्ये त्रासाची चिन्हे दिसली नाहीत’ या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. ॲडज्युवंट तळव्यातच का टोचायचे, जिथे प्रत्येक पावलाला वजन पडते? शेपटीच्या मुळाशी टोचूनही हा आजार होतो. पिंजऱ्यात मऊ भुसा, खाणे जमिनीवर ठेवलेले, पाण्याच्या बाटलीची नळी लांब, याला खर्च जवळजवळ नाही. वेदनाशामकामुळे निकाल बिघडेल हे उत्तर ऐकून आपण गप्प बसतो. डायक्लोफिनॅकच्या बाबतीत ते रास्त आहे, कारण ती दाहच कमी करते. पण ब्युप्रेनॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल ही अफूवर्गीय वेदनाशामके वेगळ्या मार्गाने काम करतात. ती का नकोत, याचे लेखी कारण अर्जात हवे, आणि शंका असेल तर छोट्या गटावर आधी तपासून पाहायला हवे. वजन किती घटले, चालणे कुठल्या पायरीपर्यंत बंद झाले की प्राण्याला वेळेआधी शांतपणे मुक्ती द्यायची, ही रेषा प्रयोग सुरू व्हायच्या आधी कागदावर असलीच पाहिजे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम १७ सांगते की शक्य तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. आपली समिती त्या ‘शक्य तिथे’साठीच आहे.

आणि शक्य खूप आहे. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, मडगाव, कुठल्याही मोठ्या रुग्णालयात गुडघ्याच्या वाट्या बदलण्याच्या शस्त्रक्रिया होत असतात. शल्यविशारद आतले सुजलेले अस्तर आणि कूर्चा-हाडाचे तुकडे काढतात आणि ते जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात. तिथून भट्टीत. लंडनच्या गटाने ज्या साहित्यावर या आजाराचा उपचार बदलला, ते साहित्य आपण जाळतो आहोत, आणि त्याच शहरातल्या महाविद्यालयात रॅटचा पाय सुजवतो आहोत. त्यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया वयाने झिजलेल्या गुडघ्यांच्या असतात, आमवाताच्या थोड्या, हे खरे. पण झिजलेल्या गुडघ्याचे अस्तरही काही प्रमाणात दाहग्रस्त असते, आणि दोन्हींची तुलना हाच एक चांगला प्रबंध होतो. अस्तर कोलाजिनेज नावाच्या एन्झाइमने विरघळवून निघालेल्या तंतुपेशी बशीत कित्येक पिढ्या वाढवता येतात, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येतात. ज्या अर्काबद्दल दावा करायचा आहे तो या पेशींवर घाला, त्यांतून आयएल-६ हा दाहकारक रेणू किती निघतो ते मोजा, कूर्चा कुरतडणारी एन्झाइम कमी होतात का ते बघा. अर्क पेशींनाच मारत नाही ना, हेही तपासा. आकडे कमी दिसण्याचे ते एक सोपे आणि फसवे कारण असू शकते.

यासाठी अस्थिरोग विभागाशी करार, रुग्णाचे आधीच घेतलेले संमतीपत्र आणि मानवी संशोधनाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उरलेल्या ऊतींच्या वापराचे नियम दिलेले आहेत. रुग्ण संमती देणार नाहीत, ही भीती मला निराधार वाटते. भिगवणमध्ये १९९६ च्या सुमारास डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली तेव्हा हजारो गावकऱ्यांनी वेळ दिला. आपल्या भागात आमवाताचे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या आसपास आहे, हे त्यातूनच कळले. माझा उजवा गुडघा पुढेमागे शस्त्रक्रियेला जाणारच आहे. कुणी फॉर्म पुढे केला तर मी सही करीन, आणि माझ्या ओळखीच्या रुग्णांतही मागे हटणारे थोडेच असतील.

जगात याच दिशेने काम गेले आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या गटाने आमवाताच्या रुग्णांच्या अस्तरातली एकेका पेशीत कोणती जनुके चालू आहेत ते वाचून पेशींच्या जाती नोंदवल्या. ती माहिती कुणालाही वापरता येईल अशी खुली आहे. पिंजरा, परवाना, फ्रॉइंड्स ॲडज्युवंट यांतले काहीही नसलेल्या महाविद्यालयाचा विद्यार्थीसुद्धा संगणकावर त्यावर प्रबंध करू शकतो. २०२१ मध्ये लंडनच्या कॉस्टॅन्टिनो पिट्झालिस यांच्या गटाने १६४ रुग्णांच्या सांध्यातून सुईने अस्तराचा तुकडा घेऊन, त्यात बी-पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा उगम) आहेत की नाहीत त्याप्रमाणे रिटुक्सिमॅब आणि टोसिलिझुमॅब या दोन औषधांतले कोणते कुणाला लागू पडते ते तपासले. मला कोणते इंजेक्शन लागू पडेल हे डॉक्टरांना आधी सांगता आले नव्हते. एक संपले की दुसरे, असे चालते. अशा संशोधनाकडे मी किती आशेने बघते, ते तुम्हाला कळेल.

२०१९ मध्येच उंदरांवरचा एक उत्तम प्रयोगही झाला, आणि तोही मला सांगायचा आहे, म्हणजे माझे म्हणणे एकांगी वाटणार नाही. अस्तरातल्या तंतुपेशींचे दोन गट माणसाच्या ऊतींत दिसत होते. कोणता काय करतो हे बशीत कळण्यासारखे नव्हते, कारण हाड पोखरले जायला जिवंत सांधा आणि काही आठवडे लागतात. उंदरांत ते पाहिले गेले: अस्तराच्या अगदी वरच्या थरातल्या पेशी हाड-कूर्चा पोखरतात, खालच्या थरातल्या दाह पेटता ठेवतात. बशीत रक्तप्रवाह नाही, हाड नाही, मेंदू नाही. जिथे प्रश्नच त्यांच्याबद्दल आहे तिथे उंदीर लागतील. मग त्यांच्यावरचा प्रयोग यादृच्छिक वाटपाने, मोजणाऱ्याला गट माहीत नसताना, नमुन्याचा आकार आधी गणित करून, २०१० पासून जगाला माहीत असलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या, प्राण्यांवरचे प्रयोग कसे नोंदवावेत हे सांगणाऱ्या ‘अराइव्ह’ नियमांप्रमाणे व्हायला हवा. प्रत्येक गटात सहाच का, या प्रश्नाला ‘सगळे सहाच घेतात’ हे उत्तर मी आता स्वीकारत नाही.

वनौषधींबद्दल कुणाचा गैरसमज होऊ नये. मला त्यांचा तिरस्कार नाही. आपल्याकडचे असंख्य रुग्ण त्या घेतात. म्हणूनच त्यांची परीक्षा माणसात, नीट व्हायला हवी. कोइम्बतूरमध्ये ४३ रुग्णांवर आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशी दुहेरी-अंध (कुणाला काय दिले हे रुग्णालाही डॉक्टरलाही माहीत नसलेली) चाचणी झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. लहान होती, पण प्रश्न थेट रुग्णाला विचारला होता. शतकानुशतके माणसे जे औषध पोटात घेत आली आहेत, ते सूज उतरवते का हे विचारायला दरवर्षी नवे तीस रॅट का मारावेत?

विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. एम.फार्म.च्या मुलांच्या हातात प्रबंधासाठी जेमतेम वर्ष असते, आणि ‘लक्षणीय’ निकाल नक्की देणारे मॉडेल त्यांच्या हाती ठेवले जाते. ते बदलणे मार्गदर्शकांच्या आणि विद्यापीठांच्या हाती आहे: नकारात्मक निकालाचा प्रबंध तितक्याच सन्मानाने स्वीकारा, पेशी-ऊतींवरचे किंवा खुल्या माहितीवरचे काम औषधशास्त्राचेच काम माना. कायदाही आता आडवा येत नाही. मार्च २०२३ मध्ये आपल्या नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी मानवी पेशींवरच्या चाचण्या आणि चिपवरचे अवयव (छोट्या चिपवर वाढवलेल्या, अवयवासारख्या वागणाऱ्या मानवी पेशी) यांना जागा मिळाली आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, प्रतिपिंड औषधांसाठी प्राण्यांच्या चाचण्यांची सक्ती टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे जाहीर केले.

नव्या वर्षाचे प्रबंधाचे प्रस्ताव लवकरच बैठकांत येतील. संधिवातावरच्या प्रत्येक अर्जासोबत मार्गदर्शकाने सही केलेले एक पान मागा, अशी माझी विनंती आहे: हा प्रश्न मानवी ऊतींवर का सुटत नाही, औषध आजार दिसल्यानंतर दिले जाणार आहे का, मेथोट्रेक्सेटशी तुलना आहे का, माद्या आहेत का, वेदनेचे काय, आणि सकारात्मक निकाल आला तर पुढचे पाऊल कोण, कधी उचलणार. मागच्या पाच वर्षांत आपण मंजूर केलेल्या अशा अर्जांचे पुढे काय झाले, याची यादी प्रत्येक समितीने आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावर लावावी. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीच्या, सीसीएसईएच्या, प्रतिनिधींनी हा विषय आपापल्या बैठकीच्या कार्यसूचीवर घ्यावा. आमच्या समितीत मी तो लेखी दिला आहे. इतर समित्यांवरच्या माझ्यासारख्या बिगर-शास्त्रज्ञ सदस्यांनी बैठकीत गप्प बसू नये. अर्ज वाचायला विज्ञानाची पदवी लागत नाही, आणि न कळलेले विचारायचा आपल्याला हक्क आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एका प्राणी नैतिकता समितीची बिगर-शास्त्रज्ञ सदस्य आणि आमवाताची रुग्ण,
पुणे